नवराबायको नसलेले नवराबायको

१९३६ सालची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोमधलं सेंट फ्रान्सिस हे बडं हॉटेल. 'आफ्टर द थिन मॅन' या पिक्चरच्या शूटिंगसाठी एमजीएम स्टुडिओचं युनिट तिथे उतरणार होतं. हॉटेलवाल्यांनी मोठ्या अगत्याने हिरो-हिरॉइनसाठी चक्क हनिमून स्वीट राखून ठेवला. त्यांच्या मते विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय हे नवराबायकोच होते! आणि खरं सांगायचं तर अर्ध्या अमेरिकेचा तोच समज होता. बिचाऱ्या हॉटेलवाल्यांना कशाला नावं ठेवायची?

घोळ असा की मर्नाचं त्याच वर्षी लग्न झालं होतं, पण ते आर्थर हॉर्नब्लो नावाच्या निर्मात्याशी. आणि पॉवेलबरोबर आली होती त्याची खरीखुरी प्रेयसी, जीन हार्लो. तीच ती, पांढऱ्याशुभ्र केसांची, त्या काळातली सगळ्यात हॉट स्टार. आता काय करायचं? मग मर्ना आणि हार्लो दोघींनी मिळून हनिमून स्वीटचा ताबा घेतला आणि पॉवेलसाहेबांची रवानगी खालच्या एका छोट्याशा खोलीत झाली. हा किस्सा मर्नाने स्वतः १९८७ साली आपल्या आत्मचरित्रात सांगितलाय. त्या मुक्कामात दोघींची गट्टी जमली ती जमलीच.

मला हा किस्सा भयंकर आवडतो. कारण स्टार जोड्यांबद्दल आपला जो काही फंडा असतो, त्याची यात मस्त वाट लागते. पडद्यावर दोघांची केमिस्ट्री दिसली रे दिसली की आपण लगेच निष्कर्षावर येतो, 'यांचं काहीतरी आहे!' ऑफिसात तरी वेगळं काय करतो? एकाच प्रोजेक्टवरचे दोघं सलग तीन दिवस टपरीवर एकत्र चहा प्यायला गेले की चौथ्या दिवशी अख्ख्या फ्लोअरला बातमी. ते बिचारे एक्सेल शीटबद्दल बोलत असतील हो!

जुन्या हॉलिवूडच्या जोड्यांचा विषय निघाला की बहुतेक जण दोन नावं घेतात. एक हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल. 'टु हॅव अँड हॅव नॉट'च्या सेटवर ती १९ वर्षांची, तो तिच्याहून २५ वर्षांनी मोठा आणि विवाहित. कॅमेऱ्यासमोर प्रेमात पडले, १९४५ मध्ये लग्न केलं, १९५७ मध्ये तो कॅन्सरने गेला. दुसरी जोडी स्पेन्सर ट्रेसी आणि कॅथरिन हेपबर्न. १९४२ ते १९६७ या काळात नऊ पिक्चर. ट्रेसीने बायकोला कधी घटस्फोट दिला नाही, हेपबर्नने तो कधी मागितला नाही. 'गेस हूज कमिंग टु डिनर'चं शूटिंग संपल्यावर जेमतेम अडीच आठवड्यांत ट्रेसी गेला. त्याच्या कुटुंबाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती अंत्यसंस्कारालाही गेली नाही आणि तो पिक्चर तिने कधी पूर्ण पाहिला नाही. वाचूनच घशात काहीतरी अडकतं.

दोन्ही जोड्या ग्रेटच. पण त्यांचे पिक्चर बघताना आपण थोडं चीटिंग करत असतो. आपल्याला आतली गोष्ट माहीत असते, त्यामुळे प्रत्येक नजरेत आपण आपल्या पदरचं प्रेम ओततो. पॉवेल-लॉयच्या बाबतीत ती सोय नाही. १४ पिक्चर एकत्र, त्यातल्या कितीतरींत नवराबायको, आणि प्रत्यक्षात अफेअर वगैरे शून्य. पडद्यावर जे दिसतं ते सगळं कामातून आलेलं. म्हणून माझं मत विचाराल तर नंबर वन जोडी हीच. भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडावं.

आता हे दोघं भेटले कसे ते बघा. 'मॅनहॅटन मेलोड्रामा' हा १९३४ चा पिक्चर. दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक. या गृहस्थांचं टोपणनाव 'वन टेक वुडी', कारण दुसरा टेक घ्यायचा त्यांना मनस्वी कंटाळा. त्यांनी मर्नाला सांगितलं, त्या मोटारीचं दार उघडायचं आणि आत उडी मारायची. तिने मारली, ती थेट पॉवेलच्या मांडीवर. तोवर दोघांची कोणी ओळखही करून दिलेली नव्हती. पॉवेलने शांतपणे, अगदी साळसूद चेहऱ्याने, आपण मिस लॉयच ना, अशी विचारणा केली. झाली ओळख! (याच पिक्चरची आणखी एक ओळख म्हणजे जॉन डिलिंजर हा कुप्रसिद्ध दरोडेखोर २२ जुलै १९३४ ला शिकागोच्या बायोग्राफ थिएटरमध्ये तो बघून बाहेर पडला आणि सरकारी एजंटांच्या गोळ्यांना बळी पडला. स्टुडिओने त्याचीही जाहिरात केली. पब्लिसिटीवाले तेव्हाही तसलेच.)

तोपर्यंत मर्नाचं करिअर म्हणजे एक विनोदच होता. मोंटानातल्या हेलेना गावात वाढलेली ही मुलगी, मूळ आडनाव विल्यम्स. पण डोळे जरा तिरके म्हणून हॉलिवूडने तिला वर्षानुवर्षं 'पूर्वेकडची गूढ स्त्री' करून टाकलं. १९२९ च्या 'द ब्लॅक वॉच'मध्ये तर ती चक्क आपल्याकडची! खैबर खिंडीच्या गोष्टीतली यास्मानी. १९३२ मध्ये फू मांचू या चिनी खलनायकाची मुलगी. पॉवेलचंही तेच, मूकपटांत तो व्हिलन. बोलपट आले, लोकांनी त्याचा आवाज ऐकला आणि साहेब एकदम जंटलमन झाले. म्हणजे चुकीच्या खुर्चीत बसवलेले दोन हुशार लोक. अशी माणसं प्रत्येक कंपनीत असतात; फक्त कोणीतरी ओळखावं लागतं.

व्हॅन डाइकने ओळखलं. मर्नामध्ये विनोदाची जाण आहे की नाही हे बघायला त्याने एका पार्टीत तिला स्विमिंग पूलमध्ये ढकलून दिलं म्हणे. ती न चिडता वर आली. इंटरव्ह्यू पास! (आजच्या एचआरने हे वाचू नये.) स्टुडिओचे बॉस लुई मेयर यांना ती नोराच्या भूमिकेत नको होती. व्हॅन डाइक हटला नाही. शेवटी, लवकर उरकायचं आणि तिला पुढच्या पिक्चरसाठी मोकळं करायचं, या बोलीवर परवानगी मिळाली. मग पठ्ठ्याने 'द थिन मॅन' जेमतेम दोन आठवड्यांच्या आसपास शूट करून टाकला. त्याला ऑस्करची चार नॉमिनेशन्स मिळाली. आपलं एक प्रेझेंटेशन तेवढ्या वेळात फायनल होत नाही.

'द थिन मॅन'ची गोष्ट डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीवरची. निक चार्ल्स हा रिटायर झालेला डिटेक्टिव्ह, नोरा त्याची श्रीमंत बायको आणि अॅस्टा हा त्यांचा कुत्रा. खून कोणी केला वगैरे आहे, पण ते सोडा. मी हा पिक्चर इतक्यांदा पाहिलाय तरी मधला धागा मला आजही नीट सांगता येणार नाही आणि त्याने काडीचा फरक पडत नाही. कारण व्हॅन डाइकने लेखकांना सांगूनच ठेवलं होतं की रहस्याचं फार मनावर घेऊ नका, मला निक आणि नोराचे चार-पाच झकास सीन द्या.

आणि लेखक कोण? अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सिस गुडरिच. हे दोघं मात्र खरोखरचे नवराबायको! एका खोलीत बसून, एकमेकांची वाक्यं खोडत लिहिणारे. इकडे हॅमेटने नोरा रंगवली ती त्याची जोडीदार, नाटककार लिलियन हेलमन हिच्यावरून. म्हणजे पडद्यावरचा तो चटपटीत संसार मुळात आला दुसऱ्याच दोन घरांतून. पॉवेल आणि लॉयने तो अंगावर असा घातला की शिंप्याने त्यांच्याच मापाचा शिवलाय असं वाटावं.

एक सीन सांगतेच. निक आणि नोरा रात्री झोपलेत (सेन्सॉरच्या कृपेने दोन वेगळ्या पलंगांवर). पिस्तूलवाला घुसतो. गोळी सुटायच्या आत निक आधी नोरालाच एक ठोसा लगावून बाजूला पाडतो आणि मग गुंडाला लोळवतो. शुद्धीवर आल्यावर नोराची तक्रार काय? मारलंस का, एवढीच नाही. तर तू त्याला कसा लोळवलास ते मला बघायला मिळालं नाही, ही! आज तो ठोसा थोडा खटकतो, खटकायलाच हवा. पण १९३४ साली बायको अशी दाखवणं ही बातमी होती. तोवर सिनेमातली बायको म्हणजे एकतर रडकी, नाहीतर कजाग. लग्न झालं की 'दी एन्ड'ची पाटी. इथे लग्नानंतर पिक्चर सुरू होतो आणि दोघांना एकमेकांची अजून मजा वाटतेय! दुसऱ्या एका सीनमध्ये नवऱ्याने किती मार्टिनी रिचवल्या हे विचारून ती वेटरला तितक्याच आपल्यासमोर मांडायला सांगते. उपदेश नाही, डोळे वटारणं नाही. थेट बरोबरी.

दोघं हे करत कसे? मी लक्ष ठेवून पाहिलं. पॉवेल बोलत असतो तेव्हा मर्नाकडे बघा. ती काहीच करत नाही, फक्त ऐकते. नाक किंचित मुरडेल, भुवई जराशी वर जाईल, बस्स. त्या ऐकण्यामुळे त्याचं साधं वाक्यही विनोदी होतं. ती बोलायला लागली की तो तेच करतो. समोरच्याचा टायमिंगवर इतका विश्वास की दोघांपैकी कोणी वाक्य हिसकावून घेत नाही. आपल्या मीटिंगांमध्ये हे घडताना कधी पाहिलंय? आम्ही तर समोरच्याचं संपायची वाट बघत आपलंच वाक्य मनात घोळवत बसलेलो असतो.

आता पैशांचं. पिक्चर सुपरहिट झाल्यावर मर्नाच्या लक्षात आलं की जोडी बरोबरीची असली तरी पगार बरोबरीचा नाही. पॉवेलच्या मानाने तिच्या हातात बरंच कमी पडत होतं. बाईंनी काय करावं? १९३५ मध्ये काम थांबवलं आणि सरळ युरोपची बोट पकडली! तेव्हाचे स्टुडिओ म्हणजे सावकार, कॉन्ट्रॅक्टमध्ये माणूस सात-सात वर्षं बांधलेला. तरीही शेवटी एमजीएमला वाटाघाटीला यावं लागलं आणि तिची मिळकत वाढली. अप्रेझलच्या मोसमात ही गोष्ट टेबलाच्या काचेखाली लावून ठेवायला हरकत नाही.

इथवर सगळं हसतखेळत. पण या गोष्टीत एक तिसरी आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

जीन हार्लोचं पॉवेलवर मनापासून प्रेम होतं. तिला लग्न हवं होतं. तो दोन घटस्फोटांनी पोळलेला, दुसरा कॅरोल लोम्बार्डशी १९३३ मध्ये झालेला. त्यामुळे तो टाळत राहिला, असं तिच्या चरित्रकारांनी लिहिलंय. १९३६ मध्ये 'लायबल्ड लेडी' आला. चार स्टार्स : पॉवेल, लॉय, हार्लो आणि ट्रेसी. हार्लोला त्यात मर्नाची भूमिका हवी होती, कारण साधं होतं, शेवटी पॉवेल तिला मिळणार होता. निदान पडद्यावर तरी! स्टुडिओने नकार दिला. लोकांना पॉवेल-लॉय हवेत, बात खतम.

विचार करा. तुमचा माणूस घरी तुमचा, पण जगाच्या लेखी तो दुसरीचा नवरा. हॉटेलवाले खोलीसुद्धा तिच्या नावाने राखून ठेवतात. आणि त्या 'दुसरी'वर रागावावं तर तीही तुमची जिवलग मैत्रीण. हार्लो रागावली नाही, हेच मला विशेष वाटतं.

१९३७ च्या मे महिन्यात हार्लो 'साराटोगा'च्या सेटवर आजारी पडली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. ७ जूनला ती गेली. वय २६. तुमच्या-माझ्या ऑफिसात ट्रेनी म्हणून लागतात ते वय. त्या वेळी पॉवेल आणि मर्ना 'डबल वेडिंग' नावाची धमाल कॉमेडी शूट करत होते. नाव बघा, 'डबल वेडिंग'. शूटिंग काही दिवस थांबलं. मग पुन्हा सुरू झालं आणि दोघांना पुन्हा धडपडत, पडत, हसवत तो पिक्चर पुरा करावा लागला. एकाची प्रेयसी गेलेली, दुसरीची मैत्रीण. त्या पिक्चरबद्दल मर्नाला पुढे आयुष्यभर तिटकारा राहिला. हार्लोच्या दफनाची जागा, ग्लेनडेलच्या फॉरेस्ट लॉनमधलं संगमरवरी दालन, पॉवेलने घेऊन दिली.

ऑफ-स्क्रीन नातं म्हणतात ते मला इथे दिसतं. हातात हात घालून फोटो काढून घेणारं नाही. तर समोरचा आतून मोडलाय हे माहीत असताना त्याला पुढचा क्यू बरोबर वेळेवर देणारं. याला मराठीत शब्द कुठला? 'सहकारी' म्हटलं की पतपेढीच आठवते. 'मित्र-मैत्रीण' म्हटलं की लोकांच्या भुवया वर. काहीच धड बसत नाही.

दुसऱ्या वर्षी, १९३८ मध्ये, पॉवेललाच कॅन्सर निघाला. ऑपरेशन, रेडियमचे उपचार, दीड वर्षाच्या वर कॅमेऱ्यापासून दूर. त्या काळात कॅन्सर म्हणजे बहुतेकदा पूर्णविरामच. पण तो परतला आणि परतला तो १९३९ च्या 'अनदर थिन मॅन'मध्ये, मर्नाच्या शेजारी. यात निक-नोराला बाळ आहे. प्रकृतीने खंगलेला पॉवेल कडेवर पोर घेऊन मिस्कील हसतो आणि समोर तीच नोरा, तीच नाक मुरडायची सवय. पिक्चर म्हणून हा पहिल्या दोनांच्या पासंगालाही पुरत नाही. मी तरीही बघते.

पॉवेलचं आणखी एक मला आवडतं. लोम्बार्डशी घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती, पण 'माय मॅन गॉडफ्री' (१९३६) साठी हिरॉइन कोण, म्हटल्यावर त्याने तिच्याच नावाचा आग्रह धरला. एक्सबरोबर काम! आपल्याला एक्सच्या लग्नाच्या फोटोला लाइक करायला तीन दिवस लागतात. दोघांनाही त्यासाठी ऑस्करची नॉमिनेशन्स मिळाली. १९४२ मध्ये विमान अपघातात लोम्बार्डही गेली, वयाच्या ३३ व्या वर्षी. पॉवेलने १९४० मध्ये डायना लुइस या नटीशी लग्न केलं होतं आणि ते शेवटपर्यंत, १९८४ मध्ये ९१ व्या वर्षी तो जाईपर्यंत टिकलं.

आणि 'परफेक्ट वाइफ' मर्ना? अमेरिकेतल्या पुरुषांनी 'लग्न करावं तर मर्नाशी' म्हणत क्लब काढले होते म्हणे. बाईंची प्रत्यक्षात चार लग्नं आणि चार घटस्फोट. आपल्याला साधं अंडंही उकडता येत नाही आणि लोक आपल्याला आदर्श बायको म्हणतात, अशी ती स्वतःचीच टिंगल करायची. दुसऱ्या महायुद्धात भर करिअरमध्ये पिक्चर सोडून ती रेड क्रॉसच्या कामाला लागली. त्या दिवसांत ती परतली ती एकाच पिक्चरसाठी. कुठल्या, हे सांगायलाच नको : 'द थिन मॅन गोज होम'.

दोघांचा शेवटचा पिक्चर १९४७ चा, 'द सिनेटर वॉज इनडिस्क्रीट'. त्यात मर्नाला म्हणावी तशी भूमिकाच नाही. शेवटाला पॉवेलच्या सिनेटरची बायको क्षणभर दिसते, ती मर्ना. नावसुद्धा पाट्यांत नाही. क्षणभराची बायको हवी होती, तर कुणीही चाललं असतं ना? पण तेव्हाच्या थिएटरमध्ये काय झालं असेल याची मी कल्पना करू शकते.

पॉवेलला तीन नॉमिनेशन्स मिळाली, ऑस्कर एकही नाही. मर्नाला तर नॉमिनेशनही कधी नाही. १९९१ मध्ये अकादमीला जाग आली आणि तिला मानद ऑस्कर दिलं. ती ८५ वर्षांची होती, समारंभाला गेली नाही. न्यूयॉर्कच्या घरात बसूनच कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यांत आभार मानून मोकळी झाली. टायमिंग तेव्हाही परफेक्ट! १९९३ मध्ये तीही गेली.

या वीकेंडला बघणार असाल तर सुरुवात 'द थिन मॅन'ने करा, लगेच 'आफ्टर द थिन मॅन' लावा. 'डबल वेडिंग' सध्या राहू द्या. पण रविवारी दुपारी 'लायबल्ड लेडी' जरूर. त्यात पॉवेल ट्राउट मासे पकडायला जातो तो सीन एकट्याने बघू नका, हसताना कोणीतरी बरोबर हवं. आणि सुरुवातीलाच एक लग्न आहे, खोटं, वर्तमानपत्राच्या डावपेचातलं. नवरी हार्लो, नवरा पॉवेल. ती नवऱ्याला नावापुरती पापी देते आणि शेजारी उभ्या ट्रेसीला कडकडून मिठी मारते, लग्न लावणारा बघतच राहतो. मर्नाची भूमिका मिळाली नाही, पण हार्लोला हा सीन मिळाला. फार तर दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात चहा टाकायला उठू नका.